देशी मधमाशीची जनुकीय विविधता : महाराष्ट्रातील मधुमक्षिकापालनाच्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना :
कांदिवलीच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल पसरले आहे, तर दक्षिणेस विलेपार्ले येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय आहे. जंगल आणि ग्रामोद्योग या दोहोंच्या संबंधातूनच आपल्याकडील मधुमक्षिकापालन घडले. मात्र या उद्योगाचा इतिहास प्रामुख्याने पेट्या, मधोत्पादन व रोजगार यांच्या आधारे मांडला जातो. त्यामागील जंगली वसाहतींचे ऋण दुर्लक्षित राहिले आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
महाराष्ट्रात सातेरी, आग्या, फुलोरी व डंखरहित पोयाची या देशी माश्या आढळतात. पैकी आग्या व फुलोरी उघड्यावर एकच पोळे बांधतात, म्हणून त्या पेटीत नांदत नाहीत. झाडाच्या ढोलीत समांतर पोळी बांधणारी सातेरी मात्र पेटीत रमते. १९६२ मध्ये पुणे येथे केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. महाबळेश्वर परिसरात राज्य खादी मंडळाच्या मधसंचालनालयाने सातेरीपालनास आधार दिला. तेथील पाळक ढोली-कपारींतील वसाहती पकडून पेटीत भरत. म्हणजेच पेटी ही उद्योगाचे साधन होती. त्याचे बियाणे जंगलातच होते.

याच दशकात तत्कालीन पंजाबातील नगरोटा येथे युरोपीय मेलिफेरा माशी यशस्वीपणे रुजविण्यात आली. अधिक मध देणाऱ्या या माशीमुळे उत्पादन हाच यशाचा निकष अधिक दृढ झाला.

जनुकीय विविधतेचा प्रश्न :
मधमाशीत लिंगनिश्चिती एका जनुकाच्या भिन्न रूपांवर अवलंबून असते. फलित अंड्यात दोन्ही रूपे सारखी आल्यास मादीऐवजी नर निपजतो व कामकरी माश्या ती अळी नष्ट करतात. निकट संबंधातील प्रजननाने अशा अळ्या वाढून वसाहत क्षीण होते. राणीमाशी अनेक नरांशी संयोग करते, ही त्यावरील निसर्गाचीच तजवीज होय. परंतु परिसरातील वसाहतीच विरळ झाल्या, तर वेगळ्या वंशाचे नर येणार कोठून?

या प्रश्नाचे गांभीर्य साथीच्या वेळी जाणवते. १९७६ मध्ये थायलंडमध्ये आढळलेला सॅकब्रूडचा विषाणू १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात पसरला आणि सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट झाल्या. अशा संकटानंतर पुन्हा उभे राहणे हे बचावलेल्या वंशांच्या प्रतिकारशक्तीवरच अवलंबून असते. आणि ती शक्ती कोणत्या वंशात आहे, हे साथ येण्यापूर्वी कळत नाही. म्हणूनच आज कमी मध देणारा स्थानिक वंशही त्याज्य ठरत नाही.

निष्कर्ष :
२०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले, ही स्वागतार्ह घटना होय. तथापि, पेट्यांच्या संख्येबरोबर प्रत्येक वसाहतीच्या मूळस्थानाची नोंद ठेवणे, दूरच्या प्रदेशांतील वसाहतींची सरमिसळ टाळणे, जुनी ढोलीची झाडे राखणे आणि पोळे जाळून मध काढण्याची प्रथा थांबविणे आवश्यक आहे. उपनगरातील इमारतींवरील आग्याची पोळी फवारणीने नष्ट करण्याऐवजी प्रशिक्षित व्यक्तीकडून ती हलविणे हेही याच जबाबदारीत येते. पेटी पुन्हा बनविता येते. लुप्त झालेला वंश पुन्हा घडविता येत नाही.