उष्ण हवेचा फुगा

उष्ण हवेचा फुगा : तापवलेल्या हवेची घनता भोवतालच्या हवेपेक्षा कमी असल्यामुळे तरंगणारे, पुढे ढकलणारे इंजिन नसलेले वायुयान. कापडी आवरण, त्याखाली टांगलेली वेताची टोपली आणि दोहोंच्या मधला प्रोपेनचा बर्नर हे त्याचे मुख्य भाग होत. हायड्रोजन किंवा हीलियमच्या फुग्यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

तत्त्व : फुग्याने जेवढी हवा बाजूला सारली तिच्या वजनाइतके प्लावक बल त्यावर वरच्या दिशेने कार्य करते (आर्किमिडीज तत्त्व). आवरण खालून उघडे असल्याने आतला व बाहेरचा दाब जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे हवा तापली की दाब वाढत नाही. हवा प्रसरण पावते आणि तिचा काही भाग तोंडातून बाहेर पडतो. समान दाबाला हवेची घनता केल्व्हिन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. समुद्रसपाटीला १५° से. तापमानाची कोरडी हवा दर घनमीटरला १.२२५ किग्रॅ. भरते, १००° से.ची सुमारे ०.९४६ किग्रॅ. म्हणजे घनमीटरमागे उचल मिळते ती अवघी २८० ग्रॅमच्या आसपास. फुगे एवढे अवाढव्य का असतात, याचे उत्तर या आकड्यात आहे.

तीन-चार प्रवाशांच्या फुग्याचे घनफळ साधारण २,८०० घनमीटर धरले, तर एकूण उचल ७८० किग्रॅ. येते. आवरण, टोपली, सिलिंडर आणि माणसे हे सारे त्यात बसवावे लागते. बाहेरचे तापमान ३०° से. असेल तर हीच उचल ६१० किग्रॅ.वर येते, दोन प्रवासी तरी खाली ठेवावे लागतात. उड्डाणे पहाटे करण्याचे हे एक कारण. दुसरे म्हणजे ऊन चढल्यावर जमिनीवरून उठणारे हवेचे प्रवाह, जे फुग्याला धोकादायक असतात.

तापलेल्या अवस्थेतही या फुग्यात सुमारे २.६ टन हवा असते, ही बाब लोकप्रिय लेखनात सहसा सुटते. चालकाला हलवायचे असते ते केवळ टोपलीचे वजन नव्हे, तर ही सगळी हवासुद्धा. म्हणून बर्नर पेटवल्यावर फुगा लगेच वर जात नाही. काही सेकंद जातात, आणि एकदा चढू लागला की लगेच थांबतही नाही. उतरताना जमीन जवळ आल्यावर ज्योत सोडणारा चालक उशीर करून बसलेला असतो.

वीस मीटर उंचीच्या फुग्यात माथ्याशी आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ५५ पास्कालने, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जेमतेम अठराशेव्या हिश्शाने जास्त असतो. माथ्यावरची पॅराशूट झडप या किरकोळ दाबानेच मिटून राहते. दोरी ओढली की कापडाची ती चकती खाली येते व गरम हवा निसटते. दोरी सोडली की चकती आपोआप जागेवर बसते. कापडाला लहानसे भोक पडल्याने फुगा फुटत नाही, तोही याच कारणाने.

बर्नर व आवरण : प्रोपेन उणे ४२° से.ला उकळतो. सिलिंडरमधून तो द्रवरूपात येतो, ज्योतीभोवतीच्या धातूच्या वेटोळ्यातून जाताना त्याची वाफ होते आणि मग तो पेटतो. ज्योत स्वतःच आपले इंधन तापवते. गुरांवरून जाताना वापरण्यासाठी कमी आवाजाचा वेगळा बर्नरही असतो. आवरण नायलॉनचे, तोंडापाशी आगरोधक कापडाचे.

दिशा : फुग्याला सुकाणू नसते. उंचीनुसार वाऱ्याची दिशा बदलते, तेव्हा हवा तो थर गाठणे एवढेच चालकाच्या हाती असते. अमेरिकेतील अल्बुकर्की येथे काही सकाळी खालचा वारा दक्षिणेकडे व वरचा उत्तरेकडे वाहतो. त्यांचा उपयोग करून निघाल्या जागेजवळ परत उतरता येते.

इतिहास : कागदी उडते कंदील चीनमध्ये प्राचीन काळापासून होते, असे मानले जाते. फ्रान्समधील आनोने येथे जोझेफ व एत्येन या माँगॉल्फ्ये बंधूंनी ४ जून १७८३ रोजी जाहीर प्रयोग केला. १९ सप्टेंबरला व्हर्साय येथे मेंढी, बदक व कोंबडा, आणि २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये पीलात्र द रोझिए व मार्की द आर्लांद फुग्यातून गेले. हे दुसरे उड्डाण सुमारे २५ मिनिटांचे होते. उचल धुरामुळे मिळते अशी बंधूंची समजूत असल्याने ते पेंढा व लोकर जाळत. जिनीव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी कागदी फुग्याच्या तोंडात लालबुंद तापवलेले लोखंड धरून धुराविनाही तो उचलला जातो हे दाखवले. प्रस्तुत विषयात पहिल्या उड्डाणाइतकेच महत्त्व या साध्या प्रयोगाला द्यावयास हवे. त्यानंतर वायुभरित फुग्यांपुढे हा प्रकार मागे पडला. प्रोपेन बर्नर व कृत्रिम कापड वापरून एड योस्ट यांनी २२ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात केलेल्या उड्डाणापासून आधुनिक फुग्याचा काळ मोजतात.

भारत : पुष्करच्या जत्रेत पर्यटकांसाठी फुग्यांची उड्डाणे होतात. उंचीचा विक्रम मुंबईशी निगडित आहे : २६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया यांनी मुंबईहून उड्डाण करून २१,०२७ मी. उंची गाठली. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे सोळाव्या हिश्शाइतकी असते. त्यामुळे त्यांचा फुगा नेहमीच्या फुग्याच्या कित्येक पट मोठा होता आणि उघड्या टोपलीऐवजी बंद, दाबयुक्त कक्ष जोडलेला होता. फुगा नाशिक जिल्ह्यात उतरला.