नाव, नोंद आणि निवास : क्लिफ्डन नॉनपॅरेल पतंगाचा इतिहास

एखाद्या प्राण्याच्या नावात स्थलनाम आले, की तो त्या स्थळाचा मूळ रहिवासी असावा, असे अनुमान सहज केले जाते. हे अनुमान कितपत ग्राह्य मानावे, याचा विचार करण्यास इंग्लंडमधील ‘क्लिफ्डन नॉनपॅरेल’ या पतंगाचा इतिहास उपयुक्त आहे.

हा पतंग आकाराने मोठा असून त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे १० सेंटिमीटर भरते. पुढील पंख झाडाच्या सालीसारखे करडे, तर मागील पंख काळे असून त्यांवर धूसर निळा पट्टा असतो. नावातील ‘क्लिफ्डन’ म्हणजे बकिंगहॅमशायर परगण्यातील टेम्स नदीकाठचे क्लिव्हडन होय. अठराव्या शतकात हा पतंग तेथे आढळला, आणि ‘अतुलनीय’ या अर्थाचा मूळचा फ्रेंच शब्द स्थलनामाला जोडून त्याचे नाव सिद्ध झाले. बकिंगहॅमशायरला समुद्रकिनारा नाही. युरोप खंडातून समुद्र ओलांडून येणाऱ्या पतंगाला अशा अंतर्भागातील स्थळाचे नाव मिळावे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

त्याचे शास्त्रीय नावही असेच विचारात टाकणारे आहे. लिनीअसने १७५८ मध्ये त्यास ‘फ्रॅक्सिनाय’, म्हणजे ‘अ‍ॅश वृक्षाचा’, असे विशेषण दिले. वस्तुतः त्याची अळी मुख्यतः अ‍ॅस्पेन व पॉप्लर यांच्या पानांवर वाढते. केवळ नावावर विसंबणारा अभ्यासक अळ्यांचा शोध अ‍ॅशवर घेईल आणि पतंगाचे मूळस्थान क्लिव्हडनला ठरवील. यांपैकी पहिल्या गोष्टीत त्याची दिशाभूल होईल. दुसरी निदान सिद्ध होणार नाही. नाव हे नाव देणाऱ्याच्या दृष्टीची साक्ष देते. नामधारकाच्या निवासाची नव्हे.

निवासाचा पुरावा वेगळ्या प्रकारचा असतो. या पतंगाची अंडी सालीवर हिवाळा काढतात, वसंतात अळ्या बाहेर पडतात आणि ऑगस्टच्या अखेरीपासून पतंग उडू लागतात. हे चक्र एकाच प्रदेशात वर्षानुवर्षे पूर्ण होत असेल, तरच पाहुणा रहिवासी झाला असे म्हणता येते. केंट परगण्यातील ऑर्लस्टन वनात विसाव्या शतकात तसे घडले. परंतु १९६४ च्या सुमारास ती वसाहत नष्ट झाली. वनव्यवस्थेत अ‍ॅस्पेनला फारशी किंमत नव्हती. ती झाडे कमी झाली, तसा अळ्यांचा आधारही तुटला. त्यानंतरची कित्येक वर्षे इंग्लंडला या पतंगाचे दर्शन बहुधा स्थलांतरित म्हणूनच घडत राहिले.

एकविसाव्या शतकात चित्र पालटले. दक्षिण इंग्लंडमध्ये तो पुन्हा स्थिरावला आणि त्याच्या नोंदी किनाऱ्यापासून अंतर्भागाकडे पसरत गेल्या; बकिंगहॅमशायरही त्यांतून वगळला गेला नाही. या घटनेस ‘स्वगृही पुनरागमन’ म्हणण्याचा मोह होतो. इंग्लंडपुरते ‘पुनरागमन’ यथार्थ आहे, कारण केंटमधील पूर्वनिवासाचा पुरावा उपलब्ध आहे. बकिंगहॅमशायरविषयी मात्र नावावरून एवढेच सिद्ध होते, की तो तेथे एकदा दिसला आणि पाहणाऱ्यास अतुलनीय वाटला. तो तेथे पूर्वी नांदत होता, की वाऱ्याबरोबर येऊन एखादी रात्र विसावला होता, हे नाव सांगत नाही. म्हणून त्या परगण्यातील आजची वस्ती कदाचित पुनरागमन नसून प्रथम वसाहतच असेल. शब्द इतिहासाचे साधन आहे खरे. परंतु साक्षीदाराने जेवढे पाहिले, तेवढेच त्याच्याकडून वदवून घेणे न्याय्य ठरते.