मास्तरांनी कुठे वाचायचं?

लोअर परळला मी गिरणी कामगारांची मुलं शिकवली. पुष्कळ घरांत पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नसे. ते भेटायचं मास्तरांच्या तोंडून. मग मास्तरांनी कुठे वाचायचं?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगाला सांगितलं होतं, सरकारी पैसा प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, शिक्षक प्रशिक्षित असू द्या. १९०६ साली मुंबईत सरकारी माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालय निघालं. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर केंद्राच्या पैशातून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आल्या. त्यांच्या आराखड्यात ग्रंथालय होतंच.

पण पुस्तकं एकदाच्या अनुदानात येतात. ग्रंथपालाचा पगार आणि नवी खरेदी दरवर्षी लागते. तो पैसा आटला की कपाटाला कुलूप! विनाअनुदानित डी.एड. विद्यालयांत तर हा भार विद्यार्थ्यांच्या फीवरच. म्हणून वाटतं, इमारतीआधी ग्रंथपालाचं पद भरावं. तुमचं काय म्हणणं, मंडळी?