बार्शीविना बार्शी रोड

रेल्वे स्टेशनच्या नावात ‘रोड’ दिसलं की मी सावध होतो. अबू रोडला उतरलं तरी अबूचा डोंगर चढायचा उरतोच. आजच्या कुर्डुवाडी जंक्शनचं जुनं नावही असंच होतं: बार्शी रोड.

पुण्याहून सोलापूरकडे निघालेले ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ १८५९ साली इथवर आले. बार्शी इथून २१ मैल. पण व्यापारी पेठ ती, म्हणून पाटीवर नाव तिचं. ज्या वाडीच्या शिवारात स्टेशन उभं राहिलं, तिचं नाव पाटीवर नव्हतं. पुढची ३८ वर्षं बार्शीचा माल बैलगाड्यांतूनच स्टेशन गाठत राहिला.

हे अंतर मिटवलं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने. त्याचा हिशेब साधा होता. एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळही पुरतात आणि खर्च आटोक्यात राहतो. १८९७ साली त्याची अडीच फुटी गाडी बार्शीला पोचली.

मोठ्या मार्गाची रुंदी मात्र साडेपाच फूट. त्यामुळे बार्शीकडून आलेला डबा पुढे जाणं शक्यच नव्हतं. सगळा माल इथे उतरवायचा, पुन्हा चढवायचा. उतारूंनीही गाडी बदलायची. व्यापाऱ्याला ही कटकट, पण मला वाटतं, वाडीचं गाव झालं ते या कटकटीवरच. छोट्या गाडीचा कारखानाही इथलाच. १९०६ साली फाटा पंढरपूरला गेला, १९११ मध्ये निजामाच्या मुलखातल्या लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. एका बाजूला विठोबा, दुसऱ्या बाजूला लातूरची पेठ आणि मधे हे स्टेशन. आता पाटीवर कुर्डुवाडी आहे. कधीकाळी रोड असलेलं गाव जंक्शन झालं!

१९५४ मध्ये सरकारने ही खासगी रेल्वे विकत घेतली. २००० नंतर टप्प्याटप्प्याने तिचे रूळही रुंद झाले आणि माल उतरवण्या-चढवण्याचं काम संपलं. मिरज ते लातूर डबे सलग धावू लागले.

एप्रिल २०१६ मध्ये त्याच वाटेने मिरजेहून एक गाडी निघाली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत १२ तारखेला ती लातूरला पोचली. ज्या मार्गाची सुरुवात बार्शीचा माल नेण्यासाठी झाली होती, त्याच्यावरून त्या उन्हाळ्यात तहानेल्या लातूरसाठी कृष्णाकाठचं पाणी जात होतं.