चार हजारांत एक

आकड्यापेक्षा तो आकडा आला कुठून, यात मला जास्त गंमत वाटते. रेटिनायटिस पिगमेंटोझा, म्हणजे आरपी, या डोळ्यांच्या आजाराबद्दल कुठेही वाचा, एक वाक्य हमखास भेटतं : चार हजार माणसांत एकाला. भारताबद्दल लिहितानाही तेच. मग १४० कोटींना चार हजारांनी भागायचं, की झाले साडेतीन लाख रुग्ण. भागाकार बरोबर आहे हो, पण हे चार हजार कुठल्या गावचे?

आधी आजाराविषयी. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात. आधी रातांधळेपणा येतो, मग नजर कडेकडून आवळत जाते. माणूस समोरचा पेपर वाचतो आणि पायाशी ठेवलेल्या तांब्याला अडखळतो. बघणाऱ्याला वाटतं, सोंग करतोय.

हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्यात डोकावायचं उपकरण जगापुढे आणलं, तेव्हा कुठे जिवंत माणसाच्या पडद्यावरचे ते काळे डाग डॉक्टरांना दिसू लागले. १८५७ मध्ये डच डॉक्टर डोंडर्स यांनी आजाराला हे नाव दिलं. खरं तर नाव चुकलंच. ‘आयटिस’ म्हणजे दाह, आणि या आजाराचं मूळ दाहात नाही. पण चिकटलं ते चिकटलं. १८६१ मध्ये बर्लिनच्या लीब्राइख यांनी नोंदवलं की अशा कित्येक रुग्णांचे आईवडील एकमेकांच्या नात्यातले आहेत. ‘जीन’ हा शब्द जन्मायला तेव्हा अजून ४८ वर्षं होती!

मोजणी मात्र फार उशिरा झाली. अमेरिकेतल्या मेन राज्यात रुग्ण शोधून १९८४ मध्ये आकडा छापला : ४७५६ माणसांत एक. डेन्मार्कमध्ये देशभरातल्या रुग्णांची नोंदवहीच होती. तिच्यावरून निघाला ३९४३ मध्ये एक. आपल्या लेखांतले ‘चार हजार’ हे असे थंड प्रदेशातले पाहुणे.

आपल्याकडे काय? नागपूरजवळच्या आठ खेड्यांत २००६ ते २००८ मध्ये तिशीच्या वरच्या ४७११ लोकांचे डोळे तपासले. सहा जणांना आरपी निघाला, म्हणजे साधारण साडेसातशेत एक. चेन्नईकडे चाळिशीच्या वरच्यांत शहरात ९३० मध्ये एक आणि खेड्यात ३७२ मध्ये एक!

आता लगेच छाती बडवायची नाही. सहा रुग्ण म्हणजे फार थोडे; दोन इकडेतिकडे झाले की आकडा हलतो. शिवाय डेन्मार्कच्या ३९४३ मध्ये तान्ही बाळंही आहेत, नागपूरच्या मोजणीत नाहीत, आणि हा आजार बहुतेकदा वय वाढेल तसा उघडा पडतो. तरीही तिशीच्या वरचे ७० कोटी धरले, तर साडेसातशेच्या हिशेबाने नऊ लाखांच्या वर जातात. साडेतीन लाख कुठे आणि हे कुठे!

एवढा फरक का? एक संशयित आपल्या ओळखीचाच आहे. आरपीच्या बऱ्याच प्रकारांत आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावं लागतं. आते-मामे भावंडांचं लग्न झालं, तर त्यांच्या मुलाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता सोळात एक. आमच्या आजोळी एक मामा होते. दिवेलागणीनंतर ओसरीवरून उठायचे नाहीत. त्यांना गाजरं खाऊ घातली, शार्क लिव्हर ऑइल पाजलं, कारण रातांधळेपणा म्हटलं की ‘अ’ जीवनसत्त्व एवढंच सगळ्यांना माहीत. त्यांचे आईवडील सख्खे आते-मामे भावंडं होते, हे मात्र कौतुकाने सांगितलं जायचं : घरातली मुलगी घरातच राहिली. ‘नात्यातलंच स्थळ आहे, माहितीतलं’ हे वाक्य आमच्या घरात अजून ऐकू येतं. हे वाचणाऱ्या आजोळच्या मंडळींना मी कुणाबद्दल बोलतोय ते कळलं असेलच. रागावू नका.

बाकी, मामांसारख्यांचा पत्ता सरकारी कागदात शोधून बघा. २०१५ ते २०१९ मध्ये देशभर अंधत्वाची पाहणी झाली, पण पन्नाशीच्या वरच्यांची. त्या धर्तीच्या पाहण्यांत मोतीबिंदूला स्वतंत्र रकाना असतो, काचबिंदूला असतो. आरपीला नाही. तो ‘डोळ्याच्या मागच्या भागाचे इतर आजार’ या रकान्यात जातो.