चेहरा न दाखवता विचारलेले प्रश्न

१९३४ साली मुंबईच्या कोर्टात एका मासिकाच्या संपादकावर अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांनी पत्रांतून विचारलेल्या खासगी प्रश्नांना त्याने छापून उत्तरे दिली होती, हाच त्याचा गुन्हा. संपादक होते र. धों. कर्वे, मासिक ‘समाजस्वास्थ्य’ आणि वकील बॅरिस्टर भीमराव आंबेडकर.

मोबाइलवर समुपदेशकाशी बोलणाऱ्या आजच्या पिढीच्या पूर्वेतिहासात हा खटला मोडतो. घरातले दुखणे दूरच्या, अनोळखी माणसापुढे मांडण्याची वाट इंटरनेटच्या कितीतरी आधी टपालखात्याने उघडली होती.

कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्या कामापायीच पुढे नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झाले; १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, पत्नी मालतीबाईंच्या साथीने, पदरमोड करून त्यांनी ते चालवले. जे आईबापांना, डॉक्टरांना किंवा जोडीदारालाही विचारता येत नव्हते, ते लोक या मासिकाला विचारत. हस्तमैथुनाने आपण कायमचे वाया गेलो अशी धास्ती तेव्हा घरोघरच्या तरुणांना पोखरत होती. ‘वीर्यनाशा’वरची औषधे विकणाऱ्यांचा धंदा याच भीतीवर चाले. कर्वे प्रवचन देत नसत. शरीरशास्त्र काय सांगते ते मोजक्या शब्दांत लिहीत आणि प्रश्नकर्त्याच्या मनातली अपराधाची भावना अनाठायी असल्याचे बजावत. लोकांना असे प्रश्न पडत असतील तर शास्त्रीय उत्तर हाच त्यावर उपाय, असा खटल्यात आंबेडकरांचा युक्तिवाद होता. कोर्टाने तो मानला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

छापील उत्तराचा एक गुण मात्र पुढे आलेल्या टेलिफोनला जमला नाही. प्रश्न एकाचा असे, पण त्याचे उत्तर वाचून तोच सल मनात बाळगणाऱ्या आणखी किती जणांच्या मनावरचे ओझे उतरत असेल! मर्यादाही तितकीच मोठी होती. उत्तर एकदाच मिळे. उलट विचारायचे तर पुन्हा पत्र, पुन्हा वाट पाहणे.

कर्वे गेले त्याच वर्षी, २ नोव्हेंबर १९५३ रोजी, लंडनमधल्या एका चर्चमध्ये चाड व्हारा या धर्मगुरूंनी हताश माणसांसाठी टेलिफोन सुरू केला. त्यामागे १९३५ मधली एक घटना होती. पाळी आली म्हणजे आपल्याला गुप्तरोग झाला, अशा समजुतीने १४ वर्षांच्या एका मुलीने जीव दिला होता आणि तिचा अंत्यविधी त्यांना करावा लागला होता. अज्ञानाने घेतलेला तो बळी कर्व्यांनी नेमका ओळखला असता. सुरुवातीला व्हारा स्वतः सल्ला देत. प्रत्यक्ष भेटीसाठी येऊन ताटकळणाऱ्यांना स्वयंसेवक चहा देत, त्यांच्याशी बोलत. हळूहळू व्हारांच्या लक्षात आले, की नुसते कुणी ऐकून घेतल्यावर बरेच जण सल्ल्याविनाच समाधानाने परतत आहेत. ‘समॅरिटन्स’ ही संस्था त्यातून आकाराला आली. उत्तर देण्याइतकेच ऐकण्याला मोल आले, ही या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत मोठी घडामोड वाटते.

संगणकावर हे पुढे गेले ते १९८६ मध्ये. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ‘अंकल एझ्रा’ या नावाने विद्यार्थ्यांच्या निनावी प्रश्नांना उत्तरे मिळू लागली. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘आयकॉल’ने २०१२ पासून फोन आणि ईमेलवर प्रशिक्षित समुपदेशक उपलब्ध करून दिले. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागता लागता, केंद्राने डॉक्टरांसाठी दूरस्थ उपचारांची नियमावली काढली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ आले: १४४१६ हा मोफत, चोवीस तासांचा क्रमांक. त्यावर मराठीतही बोलता येते.

नवरा-बायकोतला अबोला असो, सासरचा जाच किंवा ‘मी कशालाच लायक नाही’ असे आतून पोखरणारे वाटणे, ऑनलाइन समुपदेशनात आता दर आठवड्याला त्याच समुपदेशकाशी ठरल्या वेळी बोलता येते. कर्व्यांच्या वाचकाला हे सातत्य कधीच मिळाले नाही. पण त्याच्याकडे बंद पाकीट होते. दोन खोल्यांच्या घरात सासू पलीकडच्या पलंगावर असताना सुनेने व्हिडिओ कॉलवर मोकळे कसे व्हावे? म्हणून कुणी गच्ची गाठते, कुणी उभ्या गाडीत काचा वर करून बसते, आणि बोलणे जमलेच नाही तर चॅटवर टाइप करते.