आणेवारी : एका स्तंभशीर्षकाचा इतिहास

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या जुन्या जमीनविषयक कागदांवरून कोष्टके तयार करणाऱ्या विद्यार्थ्यास 'आणे' हा शब्द वारंवार भेटतो. शब्द एक असला तरी चल एक नव्हे. सातबारावरील सहधारकाची आणेवारी म्हणजे त्याचा हिस्सा. पिकाची आणेवारी म्हणजे हंगामाच्या उताऱ्याचा अंदाज. आणि मोजणीखात्याच्या प्रतबंदीतील आणे म्हणजे मातीची प्रत. रुपयाचे सोळा भाग ही कल्पना तिन्ही ठिकाणी समान आहे. मोजली जाणारी वस्तू मात्र निराळी. नुसते 'आठ आणे' उतरून घेतल्यास अर्धा मालक, अर्धे पीक आणि मध्यम जमीन एकाच रकान्यात येऊन बसतात.

यांपैकी तिसऱ्या अर्थाचे विवरण सर्वांत काटेकोर आहे. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात दख्खनच्या मोजणीचे नियम एकत्र आले. त्यांनुसार मातीचे प्रकार ३ व वर्ग ९. पावणेदोन हात खोलीची उत्तम माती सोळा आण्यांची. खोली घटेल तसतसा वर्ग उतरतो. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाण्याच्या लोटाने वाहून जाण्याची भीती अशा दोषांना स्वतंत्र खुणा असत, आणि प्रत्येक खुणेमागे एक वर्ग कमी होई. शेताच्या आकृतीचे खण पाडून खणवार प्रत लिहावयाची व अखेरीस सरासरी काढावयाची. एकक, संभाव्य मूल्ये, खुणांचा अर्थ, हिशेबाची रीत : संगणकीय माहितीसंचासोबत आज जी चलसूची द्यावी लागते, तिची बहुतेक अंगे येथे आहेत. (आपल्या कित्येक प्रबंधांच्या परिशिष्टांत एवढेही आढळत नाही.)

तथापि नारायणगाव-मंचरकडील कोरडवाहू मातीची ही किल्ली पश्चिमेच्या डोंगराळ भागातील भातखाचरांस लागू पडत नाही. तेथे पाण्याची सोय पाहणे प्राप्त होते. म्हणून दोन्ही भागांचे एकत्र कोष्टक करताना आण्यांशेजारी जमिनीचा प्रकार नोंदलाच पाहिजे.

१९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि पुढे पिकाची आणेवारी 'पैसेवारी' झाली. एककाची नोंद नसेल, तर ८ आण्यांनंतरचे ५० पैसे सहापट सुगीसारखे दिसतील.

आंबेगावच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तालुक्यास नाव देणारे मूळ गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. त्या शिवारातील शेतांची प्रत जुन्या कागदांत आण्यांनीच लिहिलेली राहते. तिच्यापुढे 'बुडीत' हा शेरा कोणत्या वर्षापासून धरावयाचा, हे पहिली ओळ भरण्यापूर्वीच ठरवून लिहून ठेवावे लागते.